ॲसिटेट कायनेज

ॲसिटेट कायनेज : एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, पेशीतील ऊर्जेची देवाणघेवाण ज्याच्या द्वारे होते ते संयुग) मधील टोकाचा फॉस्फेट गट ॲसिटेटावर बसवून ॲसिटिल फॉस्फेट तयार करणारे व हीच विक्रिया उलट दिशेनेही घडवून आणणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांचा वेग वाढविणारे प्रथिन). ते मुख्यतः सूक्ष्मजंतूंत आढळते. सरळ दिशेच्या विक्रियेत एटीपी खर्च होऊन ॲसिटेट पेशीला वापरण्याजोगे होते. उलट दिशेच्या विक्रियेत ॲसिटेट बाहेर टाकले जाते व त्याच्या मोबदल्यात पेशीला एटीपी मिळते. विक्रियेची दिशा एंझाइम ठरवीत नाही. ती पेशीतील व भोवतालच्या द्रवातील घटकांच्या प्रमाणांवरून ठरते. सूक्ष्मजंतूंची वाढ, किण्वन (आंबण्याची क्रिया), रवंथ करणाऱ्या जनावरांचे पोषण व गोबर वायूची निर्मिती या वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या गोष्टींमागे या एकाच उलटसुलट विक्रियेचा मोठा वाटा आहे.

विक्रिया : ॲसिटेट हा ॲसिटिक अम्लाचा, म्हणजे शिरक्याला (व्हिनेगरला) आंबटपणा देणाऱ्या अम्लाचा, ऋण विद्युत् भारित आयन होय. त्यात कार्बनाचे दोनच अणू असतात. तो स्थिर असल्याने दुसऱ्या रेणूशी सहजासहजी संयोग पावत नाही. त्याच्यापासून वसाम्ले, अमिनो अम्ले इ. पदार्थ बनवावयाचे किंवा त्याचे ऑक्सिडीभवन करून ऊर्जा मिळवावयाची, तर प्रथम त्याला क्रियाशील रूप द्यावे लागते. हे काम सूक्ष्मजंतूंत पुढील दोन टप्प्यांनी होते.

(१) ॲसिटेट + एटीपी ⇌ ॲसिटिल फॉस्फेट + एडीपी

(२) ॲसिटिल फॉस्फेट + को-एंझाइम ए ⇌ ॲसिटिल को-एंझाइम ए + फॉस्फेट

पहिली विक्रिया ॲसिटेट कायनेज हे एंझाइम व दुसरी फॉस्फोट्रान्सॲसिटिलेज हे एंझाइम घडवून आणते. पहिल्या विक्रियेस मॅग्नेशियमासारख्या द्विसंयुजी धातूच्या आयनाची आवश्यकता असते. ॲसिटिल को-एंझाइम ए हे चयापचयातील (सजीवात सतत होणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींतील) मध्यवर्ती संयुग असून शर्करा, वसा व अनेक अमिनो अम्ले यांच्या विघटनाचे मार्ग येथे एकत्र येतात.

ॲसिटिल फॉस्फेटाचे प्रमाणित परिस्थितीत जलीय विच्छेदन झाल्यास दर मोलमागे सु. ४३ किलोज्यूल मुक्त ऊर्जा बाहेर पडते. एटीपीपासून एडीपी होताना हीच ऊर्जा सु. ३०·५ किलोज्यूल असते. म्हणून समप्रमाणात घटक असताना पहिल्या विक्रियेचा कल उजवीकडून डावीकडे, म्हणजे एटीपी तयार होण्याकडे असतो. सरळ दिशेने विक्रिया पुढे जाण्यासाठी ॲसिटेटाचे प्रमाण पुरेसे मोठे असावे लागते अथवा तयार होणारे ॲसिटिल फॉस्फेट सतत दूर व्हावे लागते.

इतिहास : फ्रिट्झ लिपमान हे १९४० च्या सुमारास लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी या सूक्ष्मजंतूमध्ये पायरुव्हिक अम्लाचे ऑक्सिडीभवन कसे होते याचा अभ्यास करीत होते. फॉस्फेट नसेल तर ही विक्रिया होत नाही, असे त्यांना आढळले. त्यावरून या विक्रियेत ॲसिटिल फॉस्फेट तयार होत असल्याचे त्यांनी दाखविले. १९४१ साली लिहिलेल्या विस्तृत लेखात त्यांनी विपुल ऊर्जायुक्त फॉस्फेट बंधाची कल्पना मांडली. अन्नाच्या ऑक्सिडीभवनातून मिळणारी ऊर्जा अशा बंधांच्या रूपाने साठविली जाते व तेथून पेशीतील इतर कामांकडे वळविली जाते, हा विचार पुढे जीवरसायनशास्त्राच्या पायाभूत कल्पनांपैकी एक ठरला. १९४४ मध्ये लिपमान यांनी सूक्ष्मजंतूंच्या अर्कात एटीपी व ॲसिटेट यांपासून ॲसिटिल फॉस्फेट तयार होते, हे सिद्ध केले. १९४५ मध्ये त्यांनी व एल्. सी. टटल यांनी ॲसिटिल फॉस्फेट मोजण्याची सोपी पद्धत दिली. तीत हायड्रॉक्सिलअमाइनाबरोबर होणाऱ्या विक्रियेतून हायड्रॉक्सामिक अम्ल बनते व फेरिक लवण घातल्यावर त्याला गडद रंग येतो. रंगाच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. हायड्रॉक्सिलअमाइन ॲसिटिल फॉस्फेटाला लगेच अडकवून ठेवीत असल्याने विक्रिया सरळ दिशेने पुढे जात राहते.

प्राण्यांच्या ऊतकांतही (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांतही) ॲसिटिल फॉस्फेट हेच ‘क्रियाशील ॲसिटेट’ असावे, अशी लिपमान यांची अपेक्षा होती. तथापि कबुतराच्या यकृताच्या अर्कात ते निरुपयोगी ठरले. या अपयशाचे कारण शोधताना त्यांना एक उष्णतास्थिर साहाय्यक द्रव्य आढळले व त्याला को-एंझाइम ए हे नाव मिळाले. या शोधाबद्दल त्यांना १९५३ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक हान्स क्रेब्झ यांच्याबरोबर विभागून मिळाले. फेओडोर ल्यूनेन यांनी १९५१ मध्ये किण्वापासून (यीस्टपासून) ॲसिटिल को-एंझाइम ए वेगळे करून ‘क्रियाशील ॲसिटेट’ म्हणजे हेच संयुग होय असे दाखविले. १९५४ मध्ये अर्विन रोझ, मारिआन ग्रुनबेर्ग-मानागो, सॉल कोरी व सेव्हेरो ओचोआ यांनी एश्चेरिकिया कोलाय (यापुढे ए. कोलाय) या आतड्यातील सूक्ष्मजंतूपासून ॲसिटेट कायनेज शुद्ध करून त्याच्या गुणधर्मांचे वर्णन केले.

संरचना व कार्यपद्धती : हे एंझाइम बहुधा दोन समान उपघटकांचे बनलेले असते. ए. कोलायमधील प्रत्येक उपघटकात ४०० अमिनो अम्ले असून त्याचा रेणुभार सु. ४३,००० असतो. फॉस्फेट गट एटीपीकडून ॲसिटेटाकडे कसा जातो, याविषयी दीर्घ काळ मतभेद होते. फॉस्फेट प्रथम एंझाइमावर बसतो व मग ॲसिटेटाकडे जातो, असे एक मत होते. फॉस्फेट जोडलेले एंझाइम वेगळे करता आल्याने त्याला आधार मिळाला. १९७९ मध्ये व्हाल्टर ब्लॅटलर व जेरेमी नोल्स यांनी ऑक्सिजनाचे तीन निरनिराळे समस्थानिक (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेले प्रकार) विशिष्ट क्रमाने बसविलेला फॉस्फेट गट वापरून प्रयोग केला. स्थानांतरानंतर या गटाची त्रिमितीय मांडणी, वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखी, उलटलेली आढळली. दोन वेळा स्थानांतर झाले असते, तर मांडणी मूळपदावर आली असती. त्यामुळे स्थानांतरांची संख्या विषम असली पाहिजे, असे ठरले. तरी ती एक की तीन हा प्रश्न उरलाच.

२००१ मध्ये मिथॅनोसार्सिना थर्मोफिला या सूक्ष्मजीवातील ॲसिटेट कायनेजाची त्रिमितीय संरचना क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने निश्चित करण्यात आली. तिच्या आधारे पुढे झालेल्या अभ्यासांतून फॉस्फेट गट एटीपीकडून ॲसिटेटाकडे सरळ एका रेषेत व एकाच टप्प्यात जातो, या मताला बळकटी मिळाली. एंझाइमाच्या खाचेतील आर्जिनीन या धन विद्युत् भारित अमिनो अम्लाचे घटक ॲसिटेट व फॉस्फेट यांना योग्य जागी धरून ठेवतात.

ऊर्जानिर्मिती : ऑक्सिजन नसताना वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंना श्वसनाने मिळणारे एटीपी उपलब्ध नसते. ग्लुकोजाच्या एका रेणूपासून पायरुव्हिक अम्लाचे दोन रेणू होताना निव्वळ दोन एटीपी मिळतात. दोन्ही रेणूंचे लॅक्टिक अम्ल झाल्यास ऊर्जेचा हिशोब तेथेच संपतो. त्याऐवजी त्यांचे ॲसिटिल को-एंझाइम ए करून एका रेणूचे एथिल अल्कोहॉल व दुसऱ्याचे ॲसिटेट केल्यास ॲसिटेट कायनेजामुळे आणखी एक एटीपी मिळते. दोन्ही रेणूंचे ॲसिटेट करणे अधिक फायद्याचे दिसते. परंतु विघटनात निघालेले हायड्रोजन कोठे तरी सोपवावे लागतात व अल्कोहॉल हे त्यांचे एक स्थान असते. दोनांऐवजी तीन एटीपी म्हणजे दीडपट प्राप्ती होय. अन्नासाठी चुरस असलेल्या ठिकाणी हा फरक निर्णायक ठरतो. तान्ह्या मुलांच्या आतड्यात विपुल असणाऱ्या बायफिडोबॅक्टीरियममध्ये शर्करेच्या विघटनात ॲसिटिल फॉस्फेट थेट तयार होते. तेथे ग्लुकोजाच्या दोन रेणूंपासून ॲसिटेटाचे तीन व लॅक्टेटाचे दोन रेणू होतात आणि एकूण पाच एटीपी मिळतात. मूरेला थर्मोॲसिटिका, ॲसिटोबॅक्टीरियम वुडाय इ. सूक्ष्मजंतू कार्बन डाय-ऑक्साइडापासून ॲसिटेट बनवितात. त्या मार्गाच्या आरंभी खर्च झालेले एक एटीपी शेवटी ॲसिटेट कायनेज परत मिळवून देते.

भरपूर ऑक्सिजन मिळत असतानाही, ग्लुकोज विपुल असल्यास, ए. कोलाय त्याचा काही भाग पूर्ण न जाळता ॲसिटेटाच्या रूपाने बाहेर टाकतो. ही उधळपट्टी वाटते. श्वसनमार्गाची क्षमता मर्यादित असते, असे स्पष्टीकरण पूर्वीपासून दिले जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तेवढ्याच वेगाने एटीपी मिळविण्यासाठी श्वसनमार्गाला प्रथिनांची जी गुंतवणूक करावी लागते ती ॲसिटेटाच्या मार्गापेक्षा अधिक असते. अन्न मुबलक असताना जलद वाढणाऱ्या पेशीला अन्नाची काटकसर करण्यापेक्षा प्रथिनांची काटकसर करणे अधिक फायद्याचे पडते.

ॲसिटेटाचा पुनर्वापर : ग्लुकोज संपल्यावर ए. कोलाय स्वतःच बाहेर टाकलेले ॲसिटेट परत आत घेतो. या बदलास ॲसिटेट पालट म्हणता येईल. येथे दोन मार्ग उपलब्ध असतात. ॲसिटेट कायनेज व फॉस्फोट्रान्सॲसिटिलेज यांचा मार्ग दर रेणूमागे एक एटीपी घेतो व त्यापासून एडीपी होते. परंतु ॲसिटेटाविषयी या एंझाइमाची आसक्ती कमी असते, ए. कोलायमध्ये ते अर्ध्या वेगाने काम करण्यासाठी ॲसिटेटाची संहती (द्रवातील प्रमाण) दर लिटरमध्ये सु. ७ ते १० मिलिमोल असावी लागते. दुसरा मार्ग ॲसिटिल को-एंझाइम ए सिंथेटेज या एंझाइमाचा. त्याला सु. ०·२ मिलिमोल एवढी संहती पुरते. मात्र त्यात एटीपीचे एएमपी व पायरोफॉस्फेट होते व पायरोफॉस्फेटाचेही पुढे विच्छेदन होत असल्याने विपुल ऊर्जायुक्त बंध एकाऐवजी दोन खर्ची पडतात. हा मार्ग व्यवहारात उलट फिरत नाही. थोडक्यात, स्वस्त मार्ग विपुलतेत चालतो व महाग मार्ग टंचाईत.

ॲसिटेट हेच एकमेव अन्न असेल, तर क्रेब्झ चक्रातून केवळ ऊर्जा मिळून भागत नाही. चक्रात दोन कार्बन अणू शिरतात आणि कार्बन डाय-ऑक्साइडाच्या रूपाने दोन बाहेर पडतात. त्यामुळे पेशीच्या बांधणीसाठी काहीच उरत नाही. अशा वेळी ग्लायऑक्झिलेट मार्ग उपयोगी पडतो. हान्स कॉर्नबर्ग व हान्स क्रेब्झ यांनी १९५७ मध्ये वर्णन केलेल्या या मार्गात कार्बन डाय-ऑक्साइड निघणाऱ्या पायऱ्या टाळल्या जातात व ॲसिटेटापासून चार कार्बन अणूंची संयुगे शिल्लक राहतात. त्यांपासून पुढे शर्करा, अमिनो अम्ले इ. तयार होतात.

पूर्वी या दोन अवस्था काटेकोरपणे वेगळ्या समजल्या जात. अलीकडच्या अभ्यासांवरून ग्लुकोजावर वाढ होत असतानाही ॲसिटेटाची ये-जा दोन्ही दिशांनी चालू असते, असे दिसून आले आहे. बाहेरील ॲसिटेटाची संहती पुरेशी वाढल्यास ग्लुकोज शिल्लक असतानाच निव्वळ प्रवाह उलटतो.

रवंथ करणारी जनावरे व गोबर वायू : गायी-म्हशींच्या पोटातील पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजंतू गवत व कडबा यांमधील सेल्युलोजाचे किण्वन करतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही अम्ले तयार होतात व त्यांत ॲसिटेटाचा वाटा सर्वांत मोठा असतो. सूक्ष्मजंतूंनी एटीपी मिळवून टाकून दिलेले हे ॲसिटेट जनावराच्या रक्तात शोषले जाते व दुधातील वसेचा मोठा भाग त्यापासून बनतो.

शेणाच्या टाकीत मात्र ॲसिटेट शोषून घेणारे जनावर नसते. तेथे ते मिथेनजनक सूक्ष्मजीवांचे अन्न होते. हे सूक्ष्मजीव पूर्वी सूक्ष्मजंतूंत गणले जात. १९७७ मध्ये कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचा वेगळा गट असल्याचे दाखविले व आता तो आर्किया या नावाने ओळखला जातो. ॲसिटेटाचे मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड होताना दर मोलमागे जेमतेम ३६ किलोज्यूल ऊर्जा मिळते. त्यातूनच ॲसिटेट क्रियाशील करण्याचा खर्च भागवावा लागतो. मिथॅनोसार्सिना हा ॲसिटेट कायनेजाचा स्वस्त मार्ग वापरतो व ॲसिटेट भरपूर असताना जलद वाढतो. मिथॅनोथ्रिक्स हा दोन बंध खर्च करणारा महाग मार्ग वापरतो. त्याची वाढ फार मंद असते. परंतु मिथॅनोसार्सिनाला वापरता येणार नाही इतके विरल ॲसिटेटही तो वापरू शकतो. निसर्गात सूक्ष्मजीवांकडून तयार होणाऱ्या मिथेनापैकी सु. दोन तृतीयांश मिथेन ॲसिटेटापासून निर्माण होते, असा अंदाज आहे.

मुंबईतील माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून असा वायू निर्माण करण्यात आला. पुढे भारतात ग्रामीण भागांत गोबर वायू संयंत्रांचा प्रसार झाला. या संयंत्रांत नेहमी येणाऱ्या एका अडचणीचे मूळ वरील विवेचनात आहे. टाकीत एकदम फार खाद्य, विशेषतः उष्टे अन्न वा पिठूळ पदार्थ, घातल्यास किण्वन करणारे सूक्ष्मजंतू काही तासांतच अम्ले तयार करतात. मिथेनजनक सूक्ष्मजीव मात्र सावकाश वाढतात व त्यांना तितक्या वेगाने ॲसिटेट संपविता येत नाही. अम्ले साचून मिश्रण आंबट होते, त्यामुळे मिथेनजनकांचे काम आणखी मंदावते व अखेरीस वायू येणे बंद होते. खाद्य घालणे काही दिवस थांबविणे व नंतर थोड्या थोड्या प्रमाणात पुन्हा सुरू करणे, हा यावरील उपाय ॲसिटेट तयार करणारे व संपविणारे यांचा वेग पुन्हा जुळविण्यासाठीच असतो.

नियंत्रण व संदेशवहन : ॲसिटिल फॉस्फेट हे केवळ मधले संयुग नाही. सूक्ष्मजंतूंमध्ये परिस्थितीतील बदलांना प्रतिसाद देणारी काही प्रथिने असतात. त्यांवर ते आपला फॉस्फेट गट थेट बसवू शकते, असे १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. तसेच ते एंझाइमाच्या मदतीवाचून अनेक प्रथिनांतील लायसीन या अमिनो अम्लावर ॲसिटिल गट बसविते, असे २०१३ च्या सुमारास ए. कोलायमध्ये दिसून आले. त्यामुळे अन्नाच्या विपुलतेची वार्ता पेशीतील इतर व्यवहारांपर्यंत पोहोचते. ॲसिटिल को-एंझाइम ए सिंथेटेजावरही असेच नियंत्रण असते. सालमोनेला एंटेरिकामध्ये त्याच्या एका लायसिनावर ॲसिटिल गट बसल्यास ते निष्क्रिय होते व तो गट काढल्यास पुन्हा सक्रिय होते, असे २००२ मध्ये आढळले. महाग मार्ग गरजेपेक्षा जास्त चालून एटीपी वाया जाऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

आढळ व उत्क्रांती : ॲसिटेट कायनेज सूक्ष्मजंतूंत सर्वत्र पसरलेले असून काही कवके व शैवले यांतही आढळते. मनुष्य व इतर सस्तन प्राण्यांत ते नाही. आमांशास कारणीभूत होणाऱ्या एंटामीबा हिस्टोलिटिका या आदिजीवात ॲसिटिल फॉस्फेट व फॉस्फेट यांपासून पायरोफॉस्फेट व ॲसिटेट बनविणारा याचा वेगळा प्रकार १९७५ मध्ये सापडला. एंझाइमाची त्रिमितीय घडी हेक्झोकायनेज, ग्लिसरॉल कायनेज व स्नायूंतील ॲक्टिन या प्रथिनांच्या घडीशी जुळते. त्यावरून या सर्वांचा पूर्वज समाईक असावा व ॲसिटेट कायनेज त्याच्या निकटचे असावे, अशी कल्पना मांडण्यात आली आहे. फेरिक आयनाच्या सान्निध्यात ॲसिटिल फॉस्फेट एंझाइमावाचूनही पाण्यात एडीपीपासून एटीपी तयार करू शकते, असे २०२२ मध्ये दाखविण्यात आले. यामुळे पृथ्वीवरील जीवनाच्या आरंभकाळी या संयुगाचे स्थान काय असावे, या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे.

उपयोग : प्रयोगशाळेत व उद्योगात एटीपी लागणाऱ्या एंझाइमी विक्रियांमध्ये, खर्च झालेले एटीपी ॲसिटिल फॉस्फेटापासून पुन्हा बनविण्यासाठी ॲसिटेट कायनेज वापरतात. या कामासाठी उष्णताप्रेमी सूक्ष्मजंतूंतील एंझाइम अधिक टिकाऊ असल्याने सोयीचे पडते. खाद्यपदार्थ व मद्य यांतील ॲसिटिक अम्लाचे प्रमाण ठरविण्याच्या काही कसोट्यांतही याचा उपयोग होतो.

जननिक अभियांत्रिकीने ए. कोलायकडून मानवी प्रथिने तयार करून घेण्यात ॲसिटेट हा मोठा अडथळा ठरतो. अशा रीतीने बनविलेल्या मानवी इन्शुलिनाच्या वापरास १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. या प्रकारच्या उत्पादनात टाकीतील संवर्धन दाट झाले की ॲसिटेट साचते, पेशींची वाढ खुंटते आणि प्रथिनाचे उत्पादन घटते. म्हणून ग्लुकोज एकदम न घालता मोजक्या वेगाने पुरवितात किंवा कमी ॲसिटेट बनविणारे वाण निवडतात. ॲसिटेट कायनेजाचे जीन (आनुवंशिक घटक) काढून टाकण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पण तसे केल्यास पेशीत पायरुव्हिक अम्ल, लॅक्टिक अम्ल इ. साचतात व वाढ मंदावते. बाहेर पडण्याची वाट बंद केल्याने अतिरिक्त कार्बन नाहीसा होत नाही, तो दुसरी वाट काढतो. शेणाच्या टाकीप्रमाणे येथेही ॲसिटेट मुळीच न होऊ देण्यापेक्षा ते तयार होण्याचा व वापरले जाण्याचा वेग जुळविणे हाच अधिक खात्रीचा मार्ग ठरला आहे.